‘समाज कमकुवत झाला’ हे वाक्य संशोधनात टिकतं का?

“आजकालच्या पोट्ट्यायच्यानं काईच होत नाई. लय आराम झाला नं, म्हून.” जुन्या शहरात जयहिंद चौकाच्या आसपास कुठल्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बसा, हे वाक्य कानावर येईल. पाठोपाठ दुसरं येतं : “राजकारणानं वाटोळं केलं समाजाचं.” व्हॉट्सॲपवर हाच विचार जरा सजून येतो. माणूस कष्टात घडतो, सुखात बिघडतो आणि समाजाचं चाक असंच फिरत राहतं, असा त्याचा आशय. खाली बहुतेक वेळा कुणा प्राचीन तत्त्वज्ञाचं नाव असतं. सगळ्यात जास्त फिरणारा मजकूर मात्र २०१६ सालच्या एका अमेरिकन कादंबरीतला आहे.

चहाच्या टपरीवर कुणी काय बोलावं याला माझी हरकत नाही. पण गेल्या काही महिन्यांत पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या तिघांनी मला सिनॉप्सिस वाचायला पाठवले आणि त्यातल्या दोघांचा विषय साधारण असा होता : ‘आधुनिक सुखसोयी व राजकीय विचारसरणी यांचा समाजाच्या ऱ्हासावरील परिणाम’. विषयाची तळमळ खरी आहे. अडचण शीर्षकातच आहे. ऱ्हास झाला, हे तिथे आधीच ठरलं आहे. कारणंही ठरली आहेत. मग तीन-चार वर्षं शोधायचं काय?

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, समाजशास्त्र माझा विषय नाही. तरी या दाव्यासाठी नेहमी जे तीन पुरावे दिले जातात त्यातला एक थेट माझ्या विषयातला आहे, दुसरा इतिहासातला आणि तिसरा आपल्या वऱ्हाडातल्या शेतातला. तिन्ही पुरावे क्रमाने तपासू. मग विचारसरणीकडे वळू. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट बघायची आहे : ‘कमकुवत’ हा शब्द काढून त्या जागी नेमकं काय ठेवता येतं?

उंदरांचा स्वर्ग

हा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी व्हिडिओत पाहिला असेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या जॉन काल्हून यांनी ९ जुलै १९६८ रोजी उंदरांच्या चार जोड्या सुमारे अडीच मीटर लांब-रुंद अशा बंद आवारात सोडल्या. अन्न, पाणी, घरट्याचं साहित्य हवं तेवढं. मांजर नाही, थंडी-पावसाचा त्रास नाही. घरट्यांच्या हिशेबाने तिथे ३,८४० उंदीर राहू शकले असते. सुरुवातीला संख्या दर ५५ दिवसांनी दुप्पट होत गेली. ३१५ व्या दिवसानंतर वेग मंदावला. ५६० व्या दिवशी संख्या २,२०० वर पोचली आणि थांबली. ६०० व्या दिवसानंतर जन्मलेलं एकही पिल्लू जगलं नाही. शेवटी वसाहतच संपली. मधल्या काळात माद्या पिल्लं टाकून देऊ लागल्या होत्या, आणि काही नर भांडण नाही, जोडी नाही, नुसतं आपलं अंग साफ करत बसून राहायचे. ‘युनिव्हर्स २५’ नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रयोगावरचा लेख १९७३ साली छापून आला.

व्हिडिओचा निष्कर्ष असतो : सगळं सुख मिळालं की समाज मरतो.

आता एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला परीक्षक जे विचारतो ते विचारू. पहिला प्रश्न : कंट्रोल कुठे आहे? सुखाला दोषी ठरवायचं तर शेजारी दुसरं आवार हवं होतं, ज्यात तेवढंच सुख आहे पण बाहेर जायला दार आहे. आणखी एक हवं होतं, ज्यात गर्दी तेवढीच आहे पण अन्न बेताचं आहे. अशी तुलना त्या लेखात नाही. म्हणजे सुख, गर्दी आणि बंदिस्तपणा ही तीन कारणं एकमेकांत मिसळलेली आहेत आणि त्यांना सुटं करता येत नाही.

दुसरा प्रश्न : नमुना किती? ‘दोन हजार उंदीर’ हे उत्तर चूक आहे. दावा समाजाबद्दल आहे, त्यामुळे मोजायचं एकक समाज. ही आकडेवारी एका वसाहतीची आहे. नमुना एक.

तिसरा प्रश्न : हे उंदीर कोण? प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या नात्यातल्या नात्यात वाढवलेल्या एका पांढऱ्या जातीचे आठ उंदीर आणि त्यांचीच संतती. शेतातल्या उंदराला बिळात जागा मिळाली नाही की तो दुसरीकडे जातो. इथे जायला जागाच नव्हती.

गंमत म्हणजे काल्हून यांचं स्वतःचं स्पष्टीकरण ‘आरामाने आळस आला’ असं नव्हतंच. पिल्लं मोठी झाली, पण त्यांना सामावून घेणाऱ्या सामाजिक जागा भरलेल्या होत्या आणि बाहेर पडायची सोय नव्हती. त्यातून वर्तन मोडत गेलं, असा त्यांचा रोख होता. हा मुद्दा बेरोजगारीबद्दल बोलणाऱ्याला उपयोगी पडेल एक वेळ. आरामाबद्दल बोलणाऱ्याला नाही. माणसांवर गर्दीचा काय परिणाम होतो हे १९७० च्या दशकात जोनाथन फ्रीडमन यांनी प्रयोग करून पाहिलं, तेव्हा उंदरांसारखा सरळ दुष्परिणाम त्यांना सापडला नाही.

इथून घ्यायचं ते एवढंच : मोजलं एक आणि नाव दिलं दुसरं, असं झालं की आकडे कितीही अचूक असले तरी निष्कर्ष हवेत राहतो.

अडगावची लढाई

“उंदीर सोडा, इतिहास बघा,” असं यावर लगेच म्हटलं जातं. “मराठे ऐषआरामात पडले, म्हणून राज्य गेलं.” यासाठी पानिपतापर्यंत जायची गरज नाही. अकोला जिल्ह्यातच, तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. इंग्रजांच्या कागदांत त्याचं ‘आरगाव’ झालं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचं घोडदळ एका बाजूला, आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. मराठे हरले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला.

निकाल माहीत असला की कारण लावणं फार सोपं असतं. म्हणून निकाल क्षणभर झाका आणि लढाईचा तपशील बघा. लढाईच्या सुरुवातीला मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा वेलस्लीच्या तीन पलटणी मोडून मागे पळाल्या. वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा उभं करावं लागलं. त्याने पत्रात लिहून ठेवलं आहे की याच पलटणी असईच्या लढाईत अतिशय चांगल्या लढल्या होत्या. असईची लढाई २३ सप्टेंबरची. म्हणजे जेमतेम दोन महिन्यांपूर्वीची.

आता सांगा, ते शिपाई कणखर होते की कमकुवत? दोन महिन्यांत त्यांना असा कोणता आराम मिळाला? आणि ज्या मराठी तोफखान्याने असईत वेलस्लीच्या फौजेतले दीड हजारांवर लोक ठार-जखमी केले, तो ऐषआरामात बुडालेला कसा म्हणायचा?

रँडॉल्फ कूपर यांचं १८०३ च्या या मोहिमांवरचं पुस्तक २००३ साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शस्त्रं, कवायत, तोफा यांत मराठे मागे नव्हते. फरक पडला तो पैशाच्या रसदेत. कंपनीला कर्ज उभारता येत होतं, शिपायांचा पगार भागवता येत होता, आणि समोरच्या फौजेतले युरोपीय अधिकारी फोडता येत होते. उत्तरेत शिंद्यांच्या कवायती फौजेचा प्रमुख पेराँ हा सप्टेंबर १८०३ मध्येच चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. कूपर यांच्याशी मतभेद असू शकतात. पण त्यांच्या म्हणण्याला तपासता येतं : पगारपत्रकं, कर्जरोखे, अधिकाऱ्यांची पत्रं काढून. ‘ऐषआराम’ हे कारण तपासायला कोणतं दफ्तर उघडाल?

दुसरी कसोटी याहून सोपी आहे. हरलेल्यांच्याच घरात ऐषआराम शोधायचा हा नियम कुणी केला? त्याच काळात कंपनीचे अधिकारी कलकत्त्यात नोकरांच्या पलटणी बाळगून राहत होते. ते जिंकले, म्हणून त्यांचा ऐषआराम ‘वैभव’ ठरला. एखादं गृहीतक तपासायचं असेल तर चार रकाने करा : सुखी आणि पडलेले, सुखी आणि टिकलेले, कष्टाळू आणि पडलेले, कष्टाळू आणि टिकलेले. ज्यांना ‘सुखाने समाज पडतो’ असं म्हणायचं असतं ते पहिला रकाना भरतात आणि वही मिटतात. शेवटच्या रकान्याचीही दोन-चार उदाहरणं देतील. मधले दोन रकाने रिकामे असतात, आणि दाव्याचं खरंखोटं तिथेच ठरतं.

‘पूर्वीही दुष्काळ पडायचे’

तिसरा पुरावा जास्त जपून हाताळायला हवा, कारण तो आपल्या घरांतला आहे. “आमच्या आज्यानं काय कमी दुष्काळ पाह्यले? पण जीव नाई देल्ला कोनं. आताचे लोक मनानं कच्चे.” वऱ्हाडात हे वाक्य शेतकरी स्वतःही बोलतात. आरामाने समाज कमकुवत झाला, या म्हणण्याचं हे सगळ्यात गंभीर रूप.

आधी मोजणीचं बघू. ‘पूर्वी होत नव्हतं’ हे आपल्याला कशावरून कळतं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने आत्महत्यांच्या नोंदीत शेतकऱ्यांचा वेगळा रकाना सुरू केला १९९५ साली. त्याआधीचा शेतकरी नोंदीत असला तरी शेतकरी म्हणून वेगळा दिसत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं मोठ्या संख्येने मेली, पण ते मृत्यू बहुतेक ताप, हगवण, पटकी अशा नावांखाली गेले. त्या काळात कुणाचं मन कुठे मोडलं हे लिहून ठेवायला कुणी नव्हतं. नोंद नसणं आणि घटना नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संशोधनाच्या तयारीत ही एक गोष्ट पक्की झाली तरी पुष्कळ झालं.

यालाच जोडून : “पूर्वीची माणसं किती काटक होती!” आपल्याला भेटलेली पूर्वीची माणसं म्हणजे नव्वदीपर्यंत पोचलेली माणसं. १९५१ च्या सुमारास भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १४६ पहिला वाढदिवसही बघत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. जी गेली ती आपल्याला आपला काटकपणा किंवा नाजूकपणा सांगायला आलीच नाहीत. उरलेल्यांवरून सगळ्यांबद्दल बोलणं, याला उत्तरजीवींचा पूर्वग्रह म्हणतात.

आता कारणांकडे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे सहा जिल्हे आत्महत्याग्रस्त म्हणून ओळखले जाऊ लागले, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्याच वर्षी मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा, श्रीजित मिश्रा यांनी केलेला अहवाल आला. पद्धतीसाठी तो जरूर वाचा. त्यांनी नुसती आत्महत्या झालेल्या घरांची यादी केली नाही. त्याच भागातली, आत्महत्या न झालेली घरंही घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवली. वैद्यकशास्त्रात हीच ‘केस-कंट्रोल’ पद्धत वापरतात. उंदरांच्या प्रयोगात जे नव्हतं ते इथे आहे.

निघालं काय? आत्महत्या झालेल्या घरांवर कर्ज जास्त होतं आणि दावणीला बैल कमी होते. आराम जास्त असल्याचं काही निघालं नाही. याच्या मागे मोठी पार्श्वभूमी आहे : बहुतांश कोरडवाहू शेती, कापसाला खर्च वाढलेला आणि भावाची खात्री नाही. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना या शतकाच्या सुरुवातीला मोडीत निघाली. पाऊस पूर्वीही चुकवायचा. पण बी-बियाणं, औषध, खत सगळं उधारीवर घेऊन मग पाऊस चुकणं, ही गोष्ट वेगळी आहे. आज्याचा दुष्काळ पोटावर यायचा, नातवाचा दुष्काळ बँकेच्या आणि सावकाराच्या वहीत येतो. दोन वेगळ्या ओझ्यांची तुलना करून उचलणाऱ्याच्या खांद्याला नाव ठेवायचं, हा न्याय नाही आणि शास्त्रही नाही.

एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्येच दाखवलं होतं की नुसती मंदी आली की नाही, अचानक भरभराट झाली तरी आत्महत्यांचं प्रमाण वाढतं. त्यांच्या मते प्रश्न सुखदुःखाचा कमी आणि माणसाला बांधून ठेवणारे नियम व नाती सैल होण्याचा जास्त होता. त्यांच्या पद्धतीवरही पुढे टीका झाली : प्रांताच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल अनुमान काढता येत नाही. ही चूक तुमच्या सिनॉप्सिसमध्ये शिरू देऊ नका. ‘ज्या तालुक्यात मोबाइल जास्त त्या तालुक्यात नैराश्य जास्त’ एवढ्यावरून मोबाइलवाला माणूसच निराश आहे हे सिद्ध होत नाही.

विचारसरणीचं काय?

आता दाव्याचा दुसरा अर्धा भाग. इथे प्रत्येक बाजूकडे तयार उत्तर आहे. एक बाजू म्हणते, समोरच्यांच्या विचारसरणीने समाज भेकड झाला. दुसरी म्हणते, समोरच्यांच्या विचारसरणीने समाज विषारी झाला. दोन्ही वाक्यांत ‘समोरच्यांची’ हा शब्द तोच आहे. स्वतःच्या विचारसरणीने समाज कमकुवत झाला असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. ज्या कारणात दोषी कायम पलीकडचा निघतो, ते कारण तपासणीतून आलेलं नसतं.

आपल्या शहरापुरता प्रश्न खरा आहे, हे मात्र विसरता येत नाही. १३ मे २०२३ च्या रात्री जुन्या शहरात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दोन गट समोरासमोर आले. दगडफेक, जाळपोळ झाली. एक माणूस जिवानिशी गेला. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्या रात्रीबद्दल ‘समाज कमकुवत झाला’ असं म्हटलं तर त्यातून काय हाती लागतं? कुणाच्या लेखी कमकुवत म्हणजे मारायला न धावणारा, आणि कुणाच्या लेखी कमकुवत म्हणजे पोस्ट वाचून धावणारा. एकाच शब्दात दोन उलटे अर्थ. अशा शब्दावर प्रश्नावली बनवली तर उत्तरं गोळा होतील, माहिती होणार नाही.

हाच प्रश्न आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या पुस्तकात कसा विचारला ते बघा. त्यांनी १९५० ते १९९५ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद घेतली. त्यात खेड्यांमधले मृत्यू ४ टक्क्यांहून कमी निघाले आणि फक्त आठ शहरांमध्ये जवळपास निम्मे. इथेच ‘समाज’ हा शब्द फुटतो. संपूर्ण समाज बिघडला असता तर दंगल सगळीकडे दिसली असती. मग त्यांनी लोकसंख्येचं प्रमाण सारखं असलेली शहरं जोडीने घेतली, एक दंगलीचं आणि एक शांत : अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. विचारसरणी दोन्हीकडे पोचलेली होती. फरक दिसला तो दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या संघटनांत : व्यापारी मंडळं, कामगार संघटना, व्यावसायिक संस्था. नुसत्या शेजाराने, सणाला डबा देण्याने मोठ्या शहरात काम भागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

यावर गप्प बसू नका. स्टीव्हन विल्किन्सन यांनी २००४ मध्ये वेगळं कारण मांडलं : दंगल वाढते की थांबते हे राज्य सरकारला ती थांबवण्यात निवडणुकीच्या दृष्टीने किती रस आहे यावर ठरतं. पॉल ब्रास यांच्या मते दंगली घडवणारी यंत्रणाच काही शहरांत तयार असते. तिन्ही म्हणणी एकमेकांशी भांडतात, पण तिघांनीही ‘समाज’ नावाच्या धूसर वस्तूऐवजी बोट ठेवता येईल अशी वस्तू निवडली आहे : संघटना, निवडणूक, यंत्रणा.

आपल्या राज्यातलं उदाहरण भिवंडीचं. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली सामान्य माणसं आणि हवालदार नियमितपणे एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्या चार वर्षांत भिवंडीकरांचा आराम कमी झाला नव्हता, आणि विचारसरणीही बदलली नव्हती. बैठका सुरू झाल्या होत्या.

मग दाव्यात खरं काहीच नाही?

आहे, आणि टीका लिहिताना ते सांगणं आपलं काम आहे. बसून राहण्याची किंमत शरीर मोजतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्याला बसणं हे एकच कारण नाही, पण एक कारण नक्की आहे. हे मोजता येतं, म्हणून ते मान्य करता येतं. ‘समाज कमकुवत झाला’ म्हणण्यापेक्षा ‘चाळिशीतल्या शहरी माणसाची रक्तातली साखर वाढली’ हे वाक्य लहान आहे, पण त्यावर काहीतरी करता येतं.

उलट बाजूही बघा. मे २०२४ च्या अखेरीस अकोल्यात इतकं ऊन तापलं की जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लागू करावं लागलं. बरोबर एक वर्षापूर्वी जे कलम माणसांच्या भीतीने लागलं होतं, ते या वेळी उन्हाच्या भीतीने लागलं. अशा शहरात कूलर हा आराम म्हणायचा की औषध? खारपाणपट्ट्यातल्या गावात नळाने गोडं पाणी येणं हा आराम म्हणायचा का? ज्या बाईच्या डोक्यावरची घागर उतरली तिला विचारा. ‘पूर्वीचे कष्ट’ असं आपण म्हणतो तेव्हा ते कष्ट बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी केलेले असतात.

आणि कष्टाची गोष्ट निघालीच आहे तर कावडीकडे बघा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णा नदीचं पाणी खांद्यावर घेऊन सुमारे १८ किलोमीटर चालत जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला आणणारे हजारो तरुण तेच आहेत, ज्यांच्याच्यानं ‘काईच होत नाई’. यावरून आजची पिढी कणखर आहे असं मी म्हणणार नाही. एका रात्रीच्या मेहनतीवरून ते ठरत नाही. पण शेकडो भरण्यांची कावड एका खांद्यावर येत नाही. त्यामागे मंडळ असतं, वर्गणी असते, खांदे बदलण्याची पाळी ठरलेली असते. इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिली, त्यात ज्याला ते ‘असबिया’ म्हणतात ती साधारण ही वस्तू : एकमेकांना धरून राहण्याची ताकद. सुखाने राज्यं ढासळतात या कल्पनेचं मूळ त्यांच्यात शोधलं जातं. पण ते सत्ताधारी घराण्यांबद्दल बोलत होते, आणि सुखातून ही पकड कशी सैल होते, कर कसे वाढतात, भाडोत्री फौज कशी येते, याची पायरी-पायरीने मांडणी करत होते. सहाशे वर्षांपूर्वीचा तो ग्रंथ आजच्या फॉरवर्डपेक्षा जास्त शास्त्रीय आहे.

सिनॉप्सिस लिहिताना

शीर्षक लिहून झालं की चार प्रश्न विचारा. कोणता समाज : गाव, वॉर्ड, पेशा, वय? कमकुवत कशात : शरीर, कर्जफेड, दंगल, मतदान? कधीच्या तुलनेत, आणि तेव्हाची नोंद कुठे आहे? आणि कोणता निकाल आला तर मी माझं म्हणणं सोडून देईन? चौथ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून गाइडला दाखवा. ते लिहिता येत नसेल तर विषय अजून तयार नाही.

मघाच्या दोन मित्रांना मी सुचवलेली शीर्षकं साधी आहेत. एकाला : अकोला शहरातल्या दोन वॉर्डांमध्ये दोन्ही समाजांचे सदस्य असलेल्या मंडळांची संख्या आणि गेल्या दहा वर्षांतल्या पोलीस नोंदी यांची तुलना. दुसऱ्याला : एका तालुक्यातल्या कापूस उत्पादक घरांत यंत्रांचा वापर वाढल्यावर वाचलेला वेळ कुठे गेला. दोघांनाही ती जरा फिकी वाटली. ‘ऱ्हास’ शब्दात जो दम आहे तो यांत नाही, हे खरं.

पण त्या शब्दाचं पुढे काय होतं ते लक्षात घ्या. शेतकरी मनाने कच्चा आहे असं संशोधनात लिहिलं गेलं की शिफारस येते मनोबल वाढवण्याच्या शिबिराची. शिबिर होतं, फोटो छापून येतो. कर्ज आणि बैल जिथल्या तिथे. शहर भेकड झालं असं लिहिलं गेलं की कुणीतरी पोरांना धीट करायला निघतो. आणि भिवंडीसारखी बैठकीची सतरंजी कुणी अंथरत नाही. निदान चुकलं की औषधही चुकतं, आणि ते औषध घेणारी माणसं आपल्याच गल्लीतली असतात.

तुमचं शीर्षक तयार असेल तर पाठवा. चार प्रश्नांची उत्तरं सोबत हवीत.